शासनाची घाई, शासनाची दिरंगाई : जून २०२५ मधील एक आठवडा

सोमवार दि. १६ जून ते रविवार दि. २२ जून २०२५ हा आठवडा बातम्यांनी ओसंडून वाहत होता. अहमदाबाद येथील विमान अपघाताला चारच दिवस झाले होते आणि मृतांची ओळख पटविण्याचे काम संपले नव्हते. इस्रायल व इराण यांच्यातील युद्ध चौथ्या दिवसात शिरले होते. महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत शाळांची घंटा त्याच सोमवारी वाजली आणि देहू-आळंदीला पालखी प्रस्थानाची लगबग सुरू होती. इतक्या गलबल्यात जी बातमी मोठ्या आवाजात बोलते तीच कानांवर पडते. त्यामुळे त्या सात दिवसांत लंडन, मुंबई, रोम, वॉशिंग्टन आणि दमास्कस येथे जे घडले ते एकमेकांशी ताडून पाहण्याची सवड त्या वेळी फारशी कोणाला मिळाली नाही. आज तो आठवडा पुन्हा उलगडून पाहिला तर एक सूत्र स्पष्ट दिसते. जेथे शासनाने तत्परतेने उभे राहायला हवे होते तेथे ते बहुधा रेंगाळले, आणि जेथे त्याने उंबरठ्याबाहेर थांबून घरातल्यांना विचारायला हवे होते तेथे ते घाईने आत शिरले.

आठवड्याच्या वेशीवरच, म्हणजे रविवार दि. १५ जून रोजी, मावळ तालुक्यात तळेगाव दाभाडेजवळ कुंडमळा येथे इंद्रायणी नदीवरील जुना लोखंडी पूल कोसळला. चार जणांचा मृत्यू झाला, कित्येक जखमी झाले. पूल धोकादायक असल्याचे कोणापासून लपलेले नव्हते. तसा फलकही तेथे होता. नव्या पुलाचा प्रस्ताव कागदोपत्री मंजूर होता. फलक लावून यंत्रणा मोकळी झाली आणि पावसाळी रविवारी पर्यटकांची त्याच पुलावर झुंबड उडाली. लोकांची बेपर्वाई त्यात होतीच, ती नाकारण्यात अर्थ नाही. परंतु पूल बांधणे, मोडकळीस आलेला पूल वेळीच पाडणे, गर्दी आवरण्यासाठी चार पोलीस उभे करणे ही कामे राज्याखेरीज दुसरे कोणी करू शकत नाही. या उदाहरणापासून आरंभ करण्याचे कारण एवढेच की, शासनाच्या मर्यादेविषयी बोलणाऱ्याला शासनच नको आहे, असा गैरसमज होऊ नये.

राज्यसंस्था माणसाने उभारली. कुटुंब, घरातली बोली, आजाऱ्याची सेवा, मृताचा निरोप, परमेश्वराची उपासना या गोष्टी तिच्या आधीच्या आहेत. त्यांचे रक्षण करणे हे तिचे कर्तव्य आहे. त्या नव्याने घडविण्याचा अधिकार तिला कोणी दिलेला नाही. असे म्हणणाऱ्यांवर ‘जुन्या वळणाचे’ असा शिक्का बसतो. तो आम्हांस मान्य आहे.

वेस्टमिन्स्टरचे चार दिवस

मंगळवार दि. १७ जून रोजी ब्रिटनच्या कनिष्ठ सभागृहाने, म्हणजे हाऊस ऑफ कॉमन्सने, ३७९ विरुद्ध १३७ मतांनी एक दुरुस्ती संमत केली. इंग्लंड आणि वेल्समध्ये कोणत्याही स्त्रीवर तिने स्वतःच्या गर्भाचा पात केल्याबद्दल, गर्भ कितीही महिन्यांचा असला तरी, खटला भरता येऊ नये, असा तिचा आशय होता. मजूर पक्षाच्या खासदार टोनिया अँटोनिआझी यांनी ती मांडली होती. ती स्वतंत्र विधेयक म्हणून आली नव्हती, तर गुन्हेगारी व पोलीस यंत्रणेविषयीच्या एका अवाढव्य विधेयकाला जोडलेले कलम म्हणून आली. तीवरील चर्चा साधारण दोन तासांत आटोपली. १९६७ सालच्या गर्भपात कायद्यानंतर त्या देशात या विषयावर झालेला हा सर्वांत मोठा बदल, आणि त्याला लाभला तो एका दुपारचा काही वेळ!

दुसऱ्या बाजूचे म्हणणे प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. ब्रिटनमध्ये या गुन्ह्याची तरतूद १८६१ सालच्या कायद्यात आहे. अलीकडच्या वर्षांत काही स्त्रियांची पोलीस चौकशी झाली, काहींना न्यायालयात उभे राहावे लागले. २०२३ मध्ये एका मातेला कारावासाची शिक्षा झाली आणि अपिलात ती सौम्य होऊन तिची सुटका झाली. गर्भ गमावलेल्या, रक्तबंबाळ, भेदरलेल्या स्त्रीच्या घरी पोलिसांनी जाऊन तिचा दूरध्वनी ताब्यात घ्यावा, हे दृश्य कोणत्याही सहृदय माणसाला अस्वस्थ करील. शासनाने घरात शिरू नये असे म्हणणाऱ्या आमच्यासारख्यांना तर हा युक्तिवाद सरळ आमच्याच शब्दांत ऐकू येतो, आणि म्हणून त्याला उत्तर देणे भाग आहे.

उत्तर असे की, त्या घरात त्या वेळी दोन जीव असतात. स्त्रीशी दयेने वागण्याचे मार्ग कायद्याला ठाऊक आहेत: खटला न भरण्याचा विवेक, शिक्षेतील सौम्यता, अपिलातील सुटका. २०२३ च्या त्याच प्रकरणात ते वापरले गेले. परंतु आठव्या-नवव्या महिन्यातील बालकाच्या बाबतीत आईपुरती कायद्याची रेषाच पुसून टाकणे ही दया नव्हे. चोवीस आठवड्यांची मर्यादा डॉक्टरांसाठी कागदावर राहील आणि जिच्या हाती गोळी आहे तिच्यासाठी राहणार नाही, असा हा विचित्र तोडगा आहे. मूळ अडचण कोठे होती? २०२० मध्ये महामारीच्या काळात प्रत्यक्ष तपासणीशिवाय गर्भपाताच्या गोळ्या टपालाने घरपोच देण्याची सवलत सुरू झाली आणि २०२२ मध्ये ती कायम करण्यात आली. गर्भ किती आठवड्यांचा आहे हे दूरध्वनीवरून कसे कळणार? डॉक्टरांची समोरासमोर भेट पुन्हा आवश्यक करावी, अशी दुरुस्तीही त्याच दिवशी मांडली गेली होती. ती फेटाळली गेली. ज्या व्यवस्थेने स्त्रीला एकटीला न्हाणीघरात सोडले, ती तशीच ठेवायची आणि तिच्या परिणामांवरून फक्त कायद्याचे नाव पुसायचे, याला सुधारणा कसे म्हणावे?

आपल्याकडील वाचकाला या सर्वात थोडी ओळख पटेल. ब्रिटिशांनी १८६० मध्ये आपल्याला दिलेल्या भारतीय दंडसंहितेत स्वतःचा गर्भपात करणारी स्त्रीही कलमाच्या कक्षेत होती. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याने त्यातून अपवाद काढले, २०२१ मध्ये काही वर्गांतील स्त्रियांसाठी ती मुदत चोवीस आठवड्यांपर्यंत वाढली. आणि २०२३ च्या भारतीय न्याय संहितेतही मूळ तरतूद ८८ व्या कलमात जशीच्या तशी उतरली. ख्रिस्तसभेला भारतीय कायद्याची ही ढिलाईही मान्य नाही, हे वाचक जाणतात. पण रेषा आहे, एवढे तरी आपला कायदा म्हणतो.

तीनच दिवसांनी, शुक्रवार दि. २० जून रोजी, त्याच सभागृहात दुसरे मतदान झाले. सहा महिन्यांच्या आत मृत्यू अपेक्षित असलेल्या प्रौढ रुग्णास स्वतःचे जीवन संपविण्यासाठी वैद्यकीय साहाय्य मिळावे, असे विधेयक किम लेडबीटर यांनी आणले होते. ते ३१४ विरुद्ध २९१, म्हणजे अवघ्या २३ मतांनी संमत झाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये याच विधेयकाच्या द्वितीय वाचनाच्या वेळी मताधिक्य ५५ होते. जसजसा तपशील कळत गेला तसतसे खासदार गळत गेले, ही या लोकशाहीच्या जमेची बाजू. दोन्ही वेळी सदस्यांना पक्षादेश नव्हता. पंतप्रधान केअर स्टार्मर यांनी बाजूने मत दिले. ज्यांच्या खात्याने कायदा राबवायचा ते आरोग्यमंत्री वेस स्ट्रीटिंग यांनी विरुद्ध.

या विधेयकाची गंमत, म्हणजे खेदजनक गंमत, अशी की त्याची कुंपणे वाटेतच बदलली. प्रत्येक प्रकरण उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशापुढे जाईल, हे आश्वासन देऊन नोव्हेंबरमध्ये मते मिळविण्यात आली. पुढे समितीच्या टप्प्यात न्यायाधीश गेले आणि त्यांच्या जागी विधिज्ञ, मनोविकारतज्ज्ञ व समाजसेवक यांचे मंडळ आले. आणि मग मे २०२५ मध्ये मनोविकारतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजनेच जाहीर केले की, विधेयकाला आपण या स्वरूपात पाठिंबा देऊ शकत नाही. राखणदार बदलला, आणि नव्या राखणदाराने हात वर केले. विधेयक पुढे वरिष्ठ सभागृहात गेले तेव्हा लॉर्ड्सच्या सदस्यांनी त्यावर शेकड्यांनी दुरुस्त्या का सुचविल्या, हे यावरून समजावे.

जेथे असे कायदे आधी झाले, तेथे काय घडले? कॅनडाने २०१६ मध्ये वैद्यकीय मृत्यूसाहाय्य कायदेशीर केले, ते मृत्यू जवळ आलेल्यांसाठी. २०२१ मध्ये ती अट सैल झाली. २०२३ या एका वर्षात तेथे १५,३४३ माणसांचा मृत्यू या मार्गाने झाला. देशातील एकूण मृत्यूंच्या ४.७ टक्के. बेल्जियमने २००२ मध्ये प्रौढांसाठी कायदा केला आणि २०१४ मध्ये वयाची अट काढली. अमेरिकेतील ऑरेगॉन राज्यात १९९७ पासून असा कायदा अंमलात आहे, आणि तेथील शासकीय अहवालांत अलीकडच्या वर्षांत दहापैकी साधारण चार रुग्णांनी ‘कुटुंबावर भार होण्याची चिंता’ हे एक कारण म्हणून नोंदविलेले आढळते. वेदनेची भाषा घेऊन कायदा आला, आणि नोंदवहीत ‘भार’ हा शब्द आला. आपल्या घरातील म्हातारी माणसे हा शब्द किती सहज उच्चारतात, हे आपण सर्वजण जाणतो. ‘आता कोणावर भार नको’, असे आजी म्हणते तेव्हा तिला होकार ऐकायचा नसतो. कोणीतरी रागावून ‘असे बोलू नकोस’ म्हणावे, म्हणून ती तसे म्हणते. कायद्याला मात्र तो शब्द अर्ज म्हणून ऐकू येणार.

आणि येथे मुंबईची आठवण होणे अपरिहार्य आहे. परळच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये त्याच रुग्णालयात पाशवी हल्ला झाला आणि पुढची सुमारे बेचाळीस वर्षे त्या शुद्धीच्या अलीकडे-पलीकडे पडून राहिल्या. ऐंशीच्या दशकात महापालिकेने ती खाट मोकळी करण्याचा प्रयत्न केला, तेव्हा परिचारिकांनी आंदोलन करून तो हाणून पाडला. पुढे त्यांच्या दयामरणासाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका झाली. दि. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने ती फेटाळली, आणि अरुणाताईंच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्यांना सांभाळणाऱ्या के.ई.एम.च्या सेवकवर्गाचा आहे, असे मानले. दि. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्यांचा नैसर्गिक मृत्यू झाला. ज्या परिचारिकांनी त्यांना अखेरपर्यंत न्हाऊमाखू घातले, त्यांतील कित्येकींचा अरुणा निरोगी असतानाच्या काळाशी काहीही संबंध नव्हता. एका पाळीने दुसऱ्या पाळीच्या हाती ती सेवा सोपविली. चार दशके अंथरुणाला खिळलेल्या या देहावर त्यांनी शय्याव्रण होऊ दिले नाहीत, याची न्यायालयीन निकालातही वाखाणणी झाली. मुंबई महानगरपालिकेच्या एका सार्वजनिक रुग्णालयात, तुटपुंज्या साधनांत, हे घडले. ब्रिटनसारख्या सधन राष्ट्राला ते अशक्य का वाटावे?

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. निरर्थक ठरलेले, रुग्णावर केवळ यातना लादणारे उपचार थांबविणे आणि मृत्यूला त्याच्या पावलांनी येऊ देणे, याला ख्रिस्तसभेचा विरोध नाही. १९८० च्या व्हॅटिकनच्या घोषणापत्रात तसे स्पष्ट म्हटले आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये इच्छापत्राद्वारे उपचार नाकारण्याचा जो अधिकार मान्य केला, त्याच्या तपशिलाविषयी मतभेद होऊ शकतात. परंतु नळी काढणे आणि विष हाती देणे यांत अंतर आहे, आणि वेस्टमिन्स्टरमध्ये २० जून रोजी नेमके तेच अंतर ओलांडले गेले.

दुर्दैव असे की, दुसरी वाट त्याच शहराने जगाला दाखविली होती. ज्या १९६७ साली ब्रिटनने गर्भपाताचा कायदा केला, त्याच साली सिसिली सॉन्डर्स यांनी दक्षिण लंडनमध्ये सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस सुरू केले. बऱ्या न होणाऱ्या रुग्णांच्या वेदनेवर शास्त्रशुद्ध उपचार करणाऱ्या आधुनिक शुश्रूषागृहांची ती जननी. वांद्र्याचे शांती आवेदना सदन हे भारतातील पहिले शुश्रूषागृह १९८६ मध्ये उभे राहिले, तेही त्याच परंपरेतले. परंतु ब्रिटनमधील शुश्रूषागृहांना आजही खर्चाचा मोठा भाग देणग्यांतून आणि जुन्या कपड्यांच्या दानदुकानांतून उभा करावा लागतो. शासन स्वतःकडून साधारण तिसरा हिस्साच देते. हा कायदा झाल्यास कॅथलिक शुश्रूषागृहांना दारे बंद करावी लागतील, अशी भीती कार्डिनल व्हिन्सेंट निकोल्स यांनी त्या जूनमध्ये व्यक्त केली. आधी सेवा परवडत नाही म्हणायचे, मग मरणाची सोय करायची.

मुंबईतला त्याच मंगळवारचा कागद

लंडनमध्ये पहिले मतदान झाले त्याच मंगळवारी, १७ जून रोजी, महाराष्ट्र शासनाने एक शासन निर्णय काढला. मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिली ते पाचवीच्या मुलांना हिंदी ही ‘सर्वसाधारणपणे’ तिसरी भाषा राहील, असे त्यात होते. एप्रिलमध्ये काढलेल्या निर्णयात हिंदी ‘अनिवार्य’ होती. त्यावर गदारोळ झाल्यानंतर तो शब्द मागे घेण्याची ग्वाही दिली गेली, आणि शाळा उघडल्याच्या दुसऱ्याच दिवशी हा नवा शब्द आला. हिंदीऐवजी दुसरी भारतीय भाषा हवी असेल तर वर्गातील किमान वीस विद्यार्थ्यांनी ती मागितली पाहिजे, अशी अट होती. दारातून गेलेली सक्ती खिडकीतून परत आली, असे लोकांना वाटले तर त्यांना दोष देता येणार नाही.

हा प्रश्न आणि लंडनमधील प्रश्न एका तराजूत घालण्याइतके आम्ही अविवेकी नाही. एकीकडे जीवनमरण आहे, दुसरीकडे शाळेचे वेळापत्रक. परंतु पद्धतीतले साम्य दृष्टीआड करता येत नाही. शासनाच्याच भाषा सल्लागार समितीचे अध्यक्ष लक्ष्मीकांत देशमुख यांनी एप्रिलमध्येच मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून या निर्णयाला विरोध नोंदविला होता आणि समितीला विश्वासात घेतले नसल्याचे निदर्शनास आणले होते. ज्यांना विचारण्यासाठी समिती नेमली, त्यांनाच विचारले नाही! मग सहा वर्षांच्या मुलांच्या आयांना कोण विचारणार?

वसईतील आपल्या एखाद्या घराचे उदाहरण घ्या. मूल घरात कुपारी किंवा वाडवळी बोलते. अंगणवाडीत त्याची प्रमाण मराठीशी ओळख होते. पहिलीत इंग्रजी अक्षरे येतात. हिंदी त्याला दूरदर्शन आणि विरारची लोकल आपोआप शिकवितात. त्या सहा वर्षांच्या जिवाला पाटीवर चौथे ओझे कशासाठी? ते पाचवीत-सहावीत गेल्यावर हिंदी शिकू दे, आनंदाने शिकू दे. या राज्यात पूर्वीपासून तसेच होत आले आहे. कोणी विचारील की, मग मराठीची सक्ती तुम्हांला कशी चालते? २०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व शाळांत मराठी अनिवार्य झाली, ती सक्तीच नव्हे काय? होय, सक्ती आहे. पण ज्या भूमीत माणूस राहतो तिच्या बाजाराची, न्यायालयाची आणि शेजाऱ्याची भाषा त्याला यावी, हे मागणे त्या भूमीच्या घडणीतून येते. ते दिल्लीतील एखाद्या आराखड्यातून आलेले नाही.

फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये इंग्लंडसारख्या दूर देशातून गोव्यात उतरले, तेव्हा त्यांच्यासाठी कोणताही शासन निर्णय निघाला नव्हता. त्यांनी लोकांत राहून ही भाषा आत्मसात केली आणि १६१६ मध्ये त्यांचे ख्रिस्तपुराण छापून प्रसिद्ध झाले. भाषा प्रेमाने शिकली म्हणजे ओवी लिहिता येते. वीस विद्यार्थ्यांच्या अटीने फार तर हजेरीपट भरतो.

त्याच आठवड्यात, बुधवारी देहूतून आणि गुरुवारी आळंदीतून, पालख्यांचे प्रस्थान झाले. कुंडमळ्याचा पूल जिच्यात कोसळला तीच ही इंद्रायणी. लाखो माणसे, शेकडो दिंड्या, दोन-अडीच आठवड्यांची पायवाट. आणि चोपदाराने दंड उंचावताच हा सारा समाज क्षणात शांत उभा राहतो. ही शिस्त कोणत्याही खात्याने लावलेली नाही. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी ज्ञानेश्वर माउलींच्या सोहळ्याला जी घडी घालून दिली, ती पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. शासन येथे पाण्याचे टँकर देते, रस्ता मोकळा ठेवते, डॉक्टर पाठविते, आणि अभंग कोणता म्हणावा हे सांगत नाही. धर्म वेगळा असूनही आम्हांस या व्यवस्थेचा हेवा वाटतो. शासन आणि समाज यांचे नाते कसे असावे, याचे इतके बोलके उदाहरण महाराष्ट्राच्या अंगणातच असताना मंत्रालयाला ते दिसू नये, हे नवलच.

शासनाने अखेर माघार घेतली. दि. २९ जून रोजी दोन्ही शासन निर्णय रद्द झाले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. आधी समिती आणि मग निर्णय, हा क्रम सुचण्यासाठी अडीच महिने खर्ची पडले. दरम्यान भाषेचा प्रश्न राजकीय आखाड्यात उतरला, आणि रेल्वेच्या डब्यात साध्या माणसांनी एकमेकांकडे संशयाने पाहिले. ते नुकसान समितीच्या अहवालाने भरून येणारे नाही.

रोममधला शनिवार

शनिवार दि. २१ जून रोजी पोप लिओ चौदावे यांनी जयंती वर्षानिमित्त रोममध्ये जमलेल्या निरनिराळ्या देशांच्या संसद सदस्यांची भेट घेतली. त्यांच्या भाषणाचा गाभा असा होता की, कायदा करणाऱ्यांच्याही वर एक नैसर्गिक कायदा आहे, आणि तो केवळ ख्रिस्ती लोकांचा नाही. यासाठी त्यांनी बायबलमधला उतारा न घेता ख्रिस्तपूर्व काळातील रोमन विचारवंत सिसेरो याची साक्ष काढली, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे. दुर्बलांचे रक्षण, उपासनेचे स्वातंत्र्य आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या युगात माणसाची प्रतिष्ठा हे विषय त्यांनी मांडले, आणि राजकारण्यांसमोर आदर्श म्हणून संत थॉमस मोर यांचे नाव घेतले.

दिनदर्शिकेप्रमाणे दुसरा दिवस, २२ जून, मोर यांच्याच सणाचा. हा योगायोग बोलका आहे. कारण मोर हे १५२३ मध्ये त्याच हाऊस ऑफ कॉमन्सचे सभापती होते, जिथे त्या आठवड्यात दोनदा मतदान झाले. पुढे ते राज्याचे चान्सेलर झाले. राजाला ख्रिस्तसभेचा प्रमुख मानणारी शपथ संसदेने कायद्याने लादली, तेव्हा त्यांनी बंड केले नाही, भाषणे ठोकली नाहीत; ते फक्त गप्प राहिले. वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये त्यांच्यावर खटला चालला आणि ६ जुलै १५३५ रोजी त्यांचा शिरच्छेद झाला. २००० साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना राजकारण्यांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. संसदेला पुष्कळ काही करता येते. माणसाची सदसद्विवेकबुद्धी बहुमताने बदलता येत नाही, हे मोर यांना मान तुकविण्यापूर्वी ठाऊक होते. सहाय्यित मृत्यूच्या कामी हात लावणार नाही, असे म्हणणाऱ्या उद्याच्या इंग्रज परिचारिकेला त्यांची आठवण उपयोगी पडो.

रविवारचे दोन स्फोट

रविवार दि. २२ जूनच्या पहाटे अमेरिकेच्या विमानांनी इराणमधील फोर्दो, नतांझ व इस्फहान या अणुकेंद्रांवर बाँबवर्षाव केला. इराणच्या धर्मसत्तेविषयी आम्हांस तिळमात्र सहानुभूती नाही. तिच्या हाती अण्वस्त्र पडणे हे साऱ्या प्रदेशाला भयावह ठरले असते. तथापि अमेरिकेच्या राज्यघटनेने युद्ध पुकारण्याचा अधिकार काँग्रेसला दिला आहे, राष्ट्राध्यक्षांना नाही. तसे विधिवत युद्ध त्या देशाने शेवटचे पुकारले ते जून १९४२ मध्ये. त्यानंतरची लहानमोठी युद्धे कधी ठरावांच्या आधाराने, कधी त्याही शिवाय झाली. ट्रम्प यांच्या स्वतःच्या पक्षातील थॉमस मॅसी यांच्यासारख्या सदस्यांनी याच मुद्द्यावर आक्षेप घेतला, आणि ते पक्षातले कडवे परंपरावादी आहेत. पोप महोदयांनी त्याच दुपारी, शस्त्रे थांबवून वाटाघाटींना वाव द्यावा, अशी कळकळीची विनंती केली. युद्धविराम २४ जूनला जाहीर झाला. भारत शासनाने मात्र या प्रसंगी वेळीच हालचाल केली, हे नोंदविले पाहिजे: ‘ऑपरेशन सिंधू’ अंतर्गत इराणमधील भारतीय विद्यार्थ्यांची पहिली तुकडी १९ जूनलाच दिल्लीत सुखरूप पोहोचली होती.

जगाचे डोळे फोर्दोकडे लागलेले असताना, त्याच रविवारी सायंकाळी दमास्कसच्या द्वेईला भागात मार इलियास या ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये उपासना चालू होती. एका हल्लेखोराने आत शिरून गोळीबार केला आणि स्वतःला स्फोटाने उडवून दिले. पंचवीस भाविक ठार झाले, साठहून अधिक जखमी. इराणवरील हल्ल्याच्या मथळ्याखाली भारतीय वृत्तपत्रांत या बातमीला जेमतेम काही ओळी मिळाल्या. ज्या दमास्कसच्या वाटेवर शौलाचा पौल झाला, त्या शहरात ख्रिस्ती लोक जवळजवळ दोन हजार वर्षे राहत आले आहेत. २०११ मध्ये यादवी सुरू झाल्यापासून त्यांची संख्या झपाट्याने ओसरली. डिसेंबर २०२४ मध्ये असद यांची सत्ता कोसळल्यावर आलेल्या नव्या राज्यकर्त्यांनी अल्पसंख्याकांना संरक्षणाची आश्वासने दिली होती.

मंगळवार दि. २४ जून रोजी मृतांपैकी अनेकांवर अंत्यसंस्कार झाले. अंत्योक्चे ग्रीक ऑर्थोडॉक्स पॅट्रिआर्क योहान दहावे यांनी शवपेट्यांसमोर उभे राहून सरकारला उद्देशून उघडपणे सांगितले की, राष्ट्राध्यक्षांनी दूरध्वनीवरून कळविलेले सांत्वन पुरेसे नाही. जे घडले त्याची जबाबदारी शासनाची आहे, आणि लोकांना सुरक्षितता हवी आहे. मंत्रिमंडळातर्फे त्या वेळी चर्चमध्ये उपस्थित होत्या त्या एकमेव ख्रिस्ती मंत्री, हिंद कबावत.